पाहुण्याच्या हाती द्यावयाचा फराळाचा डबा : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

१. विषय आणि व्याप्ती

दिवाळीच्या फराळावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. लाडू कसा वळावा, चकलीला काटा कसा आणावा, अनारशाला जाळी कशी पाडावी, हे सांगणारी पुस्तके घरोघर आहेत. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि पुढे कित्येक सुनांच्या सामानातून सासरी गेले. परंतु पदार्थ गार होऊन घट्ट झाकणाच्या डब्यात पडला, की पाककलेचे वाङ्मय हात धुऊन मोकळे होते. सगळ्यात बिकट प्रसंग तर त्यानंतर येतो. पाहुणा निघायला उठतो, उंबऱ्याबाहेर चपला चाचपू लागतो आणि घरची बाई ‘थांबा जरा’ म्हणून आत जाते. ती आत गेल्यापासून हातात पिशवी घेऊन बाहेर येईपर्यंत जे काही घडते, त्याची चिकित्सा हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय होय.

अभ्यासक्षेत्र परभणी जिल्हा. जिंतूर-सेलूपासून पालम-सोनपेठपर्यंत नऊ तालुके. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, हे प्रशासनाच्या दृष्टीने खरे आहे. डब्यांची ये-जा मात्र अजून अविभक्त जिल्ह्याच्या हिशेबाने चालते, कारण वसमतच्या आत्याबाईंना ती अधिसूचना लागू नाही.

विषय क्षुल्लक आहे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचे अन्नतंत्र महाविद्यालय आहे आणि खाण्याचा पदार्थ कशात बांधावा ही तिथे रीतसर शिकण्याची गोष्ट आहे. म्हणजे विषयाला विद्यापीठाची मान्यता आधीच मिळालेली आहे. तिथले अभ्यासक पदार्थ किती दिवस टिकेल ते पाहतात. आपल्याला सोयरीक किती दिवस टिकेल ते पाहायचे आहे.

२. पूर्वपीठिका

परंपरेने या विषयावर दोन दाखले दिले आहेत आणि दोन्ही एकाच घरचे आहेत. पहिला गोपाळकाल्याचा. गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कालवल्या आणि जागच्या जागी खाऊन टाकल्या. देवाणघेवाण पूर्ण झाली, पण घरी न्यायला काही उरलेच नाही. त्यामुळे बांधाबांधीचा प्रश्न उद्भवला नाही. दुसरा दाखला सुदाम्याचा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांच्या संग्रहाला ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव देऊन त्या पोह्यांना साहित्यात कायमची जागा करून दिली. कथेत पोहे चांगले होते की किडके, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ते फाटक्या फडक्यात बांधलेले होते, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पदार्थापेक्षा वेष्टन अधिक लक्षात राहते, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त इथेच सिद्ध होतो.

दुसराही सिद्धान्त याच कथेत दडलेला आहे. द्वारकेहून निघताना सुदाम्याच्या हातात काहीच नव्हते. घरी येऊन पाहतो तो झोपडीच्या जागी वाडा. भांडे रिकामे परत करू नये, हा मराठी घरांतला नियम त्या प्रसंगावरूनच पडला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुरावा मागू नये.

तौलनिक अभ्यासासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथे नाताळाच्या आधी ओळखीच्या बायका जमतात. प्रत्येकीने एकाच जातीची बिस्किटे डझनावारी करून आणायची, टेबलावर मांडायची, वाटून घ्यायची आणि घरी जाताना प्रत्येकीच्या डब्यात सगळ्या जाती. पद्धत चोख आहे. एका दुपारी हिशेब मिटतो आणि कोणी कोणाचे देणे लागत नाही. आपल्याकडे हाच व्यवहार वसुबारसेला सुरू होतो, तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळतो आणि तरीही मिटत नाही. तो मिटू नये, अशीच त्याची रचना आहे. याचा विचार सातव्या प्रकरणात केला आहे.

बिस्किटांच्या देवाणघेवाणीचा एक शुद्ध स्थानिक प्रकारही नोंदवला पाहिजे. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप घेऊन लोक बेकरीच्या दारात बसतात. नानकटाई आणि बिस्किटे आपल्या डोळ्यांदेखत भाजून घ्यायची आणि पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भरून न्यायची. भट्टीवरचे चाचा ट्रेमागून ट्रे काढत असतात. प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी असते आणि भट्टीच्या धगीने ती कधी ना कधी उडते. मग जोश्यांची नानकटाई देशमुखांकडे जाते, देशमुखांची शेखसाहेबांकडे. तूप कोणी किती घातले होते, ते चवीवरून घरी गेल्यावर कळते. ज्याला कमी तुपाचा माल मिळाला तो हळहळतो. ज्याला जास्त तुपाचा मिळाला तो ब्र काढत नाही.

३. भांड्यांची प्रतवारी

पाहुण्याला फराळ कशात दिला, यावरून त्या घरात त्याची किंमत काय हे तंतोतंत कळते. प्रतवारी वरून खाली अशी आहे.

पहिली प्रत : नाव घातलेला स्टीलचा डबा. भांड्यांच्या दुकानात छोटे यंत्र भांड्यावर टेकवून थरथरत्या टिंबांनी नाव कोरून देतात. चारठाण्याच्या यादवकालीन देवळांकडे आणि धारासूरच्या गुप्तेश्वराकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. पण घरोघरच्या फडताळातला हा लेखसंग्रह अजून कोणी वाचलेला नाही. त्यात दात्याचे नाव असते, प्रसंग असतो, बहुधा तारीखही असते. वास्तुशांत, बारसे, मुंज, सेवानिवृत्ती, सगळे त्यावर कोरलेले सापडते. एकाच घरात चार आडनावांचे डबे मिळाले, तर त्या घराचे सोयरेसंबंध कुठवर पोचले होते याचा तो सबळ पुरावा समजावा. हा डबा सख्खी बहीण, जाऊ आणि जुनी शेजारीण यांनाच मिळतो. व्याह्यांना तो मिळत नाही. त्यांना कोरा करकरीत डबा घेऊन देतात, कारण व्याह्यांकडे डबा परत मागायचा नसतो.

दुसरी प्रत : वाणाचा डबा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेल्या वाणातून हा घरात येतो. रंग गुलाबी किंवा पोपटी, आणि झाकण एका बाजूने बसले की दुसऱ्या बाजूने उचलते. जानेवारीत घरात आलेला हा डबा दिवाळीत बाहेर पडतो, आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्याच कोणाच्या हातून वाण म्हणून परत येतो असेही आढळले आहे.

तिसरी प्रत : श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा डबा. हा भाडेकरूला, मुलांच्या शिकवणीच्या सरांना आणि यजमानांच्या हाफिसातल्या माणसाला दिला जातो. परत आला तर आनंद, नाही आला तर दुःख नाही. डेन्मार्कच्या बटर कुकीजचा निळा गोल डबा दिसायला याच वर्गातला, पण तो या व्यवहारात कधीच उतरत नाही. जगभर तो सुईदोरा आणि बटणे ठेवायला राखून ठेवलेला असतो आणि परभणीही त्याला अपवाद नाही.

चौथी प्रत : पुडा. वर्तमानपत्राचा कागद, त्यावर चिवडा, चार बाजूंनी घडी आणि वरून दोऱ्याचे दोन वेढे. हा पुडा एकेकाळी सर्वमान्य होता. पण छापील शाईतली घातक द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये बजावले आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावले. तेव्हापासून पुड्याची प्रतिष्ठा गेली. त्याचा एक लाभ मात्र नोंदवावा लागेल. चिवडा संपल्यावर तेलकट डागांतून मागच्या महिन्यातले कापसाचे भाव वाचता येत.

प्लॅस्टिकची पातळ पिशवी या प्रतवारीत धरलेली नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी तिच्यावर बंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून कारवाई सुरू केली. त्यानंतर ती पिशवी अस्तित्वात नाही, असे शासन मानते. प्रस्तुत लेखकही शासनाला दुजोरा देतो.

४. भरण्याची रीत

डबा भरणाऱ्या हातांकडे नीट पाहिल्यास असे दिसते. वहिनी आधी डबा कोरड्या फडक्याने पुसते आणि आत हात फिरवून ओल नाही ना ते पाहते. तळाशी लाडू. ते एकमेकांना टेकलेले, पण दाबलेले नसावेत. त्यांच्यावर कागदाची गोल चकती. चकतीवर शंकरपाळे ओततात आणि डबा दोन्ही हातांनी हलकेच हलवतात, म्हणजे ते फटींमध्ये उतरतात. पुन्हा चकती. सगळ्यात वर चकल्या, कारण वजन सोसण्याची त्यांची कुवत नाही. चकली निवडताना वहिनीचा हात थांबतो. तुटकी बाजूला, अख्खी डब्यात. शेवटी तळहाताच्या टाचेने झाकण दाबायचे आणि डबा क्षणभर आडवा धरून पाहायचा. काही सांडले नाही, तर डबा साडीच्या दुकानाच्या पिशवीत जातो.

यातली प्रत्येक हालचाल शास्त्रशुद्ध आहे. ओलावा जास्त असलेल्या पदार्थातून कमी असलेल्या पदार्थाकडे सरकतो. लाडवाच्या किंवा अनारशाच्या संगतीत चकली उघडी ठेवली, की दोन दिवसांत ती मऊ पडते. गरम चिवडा भरला, तर वाफ झाकणाला थटून पाणी होते आणि खाली टपकते, म्हणून तो परातीत पसरून गार करतात. वासाचीही हीच गोष्ट. लसणाच्या शेवेशेजारी ठेवलेली करंजी दुसऱ्या दिवशी गोड लागते, पण कोणत्या अर्थाने गोड, ते सांगता येत नाही. चिवडा म्हणूनच वेगळ्या पिशवीत, तोंडाशी गाठ मारून. गाठ अशी बसते की घरी गेल्यावर दातांशिवाय सुटत नाही.

संख्येचेही नियम आहेत. शेव-चिवडा अंदाजाने, पण लाडू मोजून. पाहुण्याच्या घरी माणसे किती, हे मनात धरून त्यावर एक जास्त. बेरीज तीन झाली तर चौथा घालावाच लागतो, कारण तीन तिगाडा काम बिगाडा. घरात दोनच माणसे असलेल्या जोडप्याला त्यामुळे नेहमी एक लाडू जास्तीचा मिळतो. लोकसंख्येच्या धोरणात या बाबीचा विचार झालेला दिसत नाही.

वेष्टित मालावर वजन, किंमत आणि तारीख छापावी असा कायदा आहे. फराळाच्या डब्यावर यातले काहीच नसते. क्वचित झाकणावर चिकटपट्टीचा तुकडा असतो आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेले असते : ‘कमी गोडाचे. अण्णांना.’ कोणत्याही सरकारी लेबलापेक्षा ही माहिती अधिक उपयोगाची आहे.

५. नकाराचा विधी

डबा भरला म्हणून दिला गेला असे होत नाही. मध्ये एक विधी आहे.

“राहू द्या हो वहिनी, कशाला? आत्ताच तर खाल्लं.”

“तुम्हाला नाही म्हणलं. लेकरांना घेऊन जा.”

“लेकरं खातच नाहीत आता घरचं.”

“मग तुम्ही खा. काय मोठं दिलंय? नेहमीचंच आहे.”

“बरं, मग थोडंच द्या.”

इथे विधी संपतो. ‘थोडंच द्या’ हे शब्द उच्चारले जातात तेव्हा डबा भरून, झाकून, पिशवीत घालून तयार असतो. म्हणजे या वाक्याचा मालाच्या वजनावर काहीही परिणाम होत नाही; तो ताबा बदलल्याचा करार आहे. पहिल्याच बोलण्याला ‘आणा’ म्हणणारा माणूस हावरट ठरतो. तीनदा नको म्हणून खरोखर रिकाम्या हाताने निघून जाणारा माणूस त्याहून वाईट. त्याच्याविषयी वर्षभर बोलले जाते. ‘लेकरांना’ या शब्दाने व्यवहाराला कायदेशीर आधार मिळतो. ज्यांची लेकरे पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनाही डबा लेकरांच्याच नावाने दिला जातो.

६. प्रवास आणि झीज

भाऊबीज झाली की परभणी जंक्शनवर देवगिरी, तपोवन आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळी फलाटावर एक वेगळी मालवाहतूक दिसते. स्पर्धा परीक्षेची पोरे, अभियांत्रिकीच्या पोरी, कंपन्यांत लागलेले जावई. प्रत्येकाच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक डबा, चकलीला धक्का लागू नये म्हणून भोवती टॉवेल. ज्याला रजा मिळाली नाही, त्याचा डबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिला जातो आणि सकाळी स्वारगेटला की शिवाजीनगरला उभे राहायचे, ते फोनवर तीन-तीनदा सांगितले जाते. खोलीवर पोचलेला डबा त्या रात्रीच संपतो. तो कोणी संपवला, याची चौकशी निष्फळ ठरते.

या प्रकरणामुळे एका जुन्या म्हणीवर नवा प्रकाश पडतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण निजामाच्या राजवटीतली मानतात. दैव साथ देईना तर माणसाने परभणी गाठावी, असा तिचा अर्थ लावला जातो. फराळाच्या दृष्टीने अर्थ वेगळा निघतो. जो लाडू नीट वळला गेला तो पुण्याला जातो. जो फुटला तो परभणीतच राहतो. तुटक्या चकल्या, कडा करपलेली बिस्किटे, सारण बाहेर आलेल्या करंज्या हे सारे आई-बापांच्या वाट्याला येते, आणि ते चहाबरोबर पार तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते. जिल्ह्याच्या विकासावर ज्यांना अहवाल लिहायचा असेल, त्यांनी फराळ वाटून झाल्यावर घरात काय उरते, हे आधी पाहावे.

७. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. पारदर्शक झाकणाचे, एकदाच वापरायचे डबे शेकड्याने आणून ठेवायचे, प्रत्येकात दोन लाडू, चार चकल्या, मूठभर चिवडा भरायचा, वर रंगीत फीत बांधायची आणि येईल त्याच्या हातात ठेवायचा. या पंथाचे म्हणणे असे : सगळ्यांना सारखे मिळते, प्रतवारीचा अपमान होत नाही, भांडी अडकून पडत नाहीत, आणि डबा परत आला का, याची डोकेदुखी राहत नाही. लग्नात निघताना हातात पडणारे लाडू-चिवड्याचे पाकीट हे याच पंथाचे.

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. उत्तरपक्ष असा. डोकेदुखी राहत नाही, हाच या डब्याचा दोष आहे. अमेरिकी बायकांचा हिशेब एका दुपारी मिटतो. मिटलेला हिशेब पुन्हा उघडायला निमित्त लागते. आपल्याकडे ते निमित्त डबा पुरवतो. नाव घातलेला डबा शेजारच्या भाभींकडे गेला, की तो मोकळा परत येत नाही. दिवाळीचे दिवस जातात, डबा त्यांच्या फडताळात राहतो आणि रमजान ईदला शिरखुर्मा घेऊन दारात येतो, झाकणावर क्रोशाचा रुमाल टाकून. आता ईदेचे देणे आपल्यावर आले. ते फेडायला आखाडात धपाटे गेले की डबा पुन्हा त्यांच्याकडे. दोन घरांमध्ये एक डबा वर्षानुवर्षे ये-जा करत राहतो आणि तो मुळात कोणाचा, हे फक्त कोरलेल्या नावावरून कळते.

जो डबा परत येतच नाही, त्याचेही काम थांबत नाही. कधीतरी भाद्रपदात सेलूहून फोन येतो, “अगं, माझा तो गोल डबा तुझ्याकडंच राहिला का?” डब्याचा विषय अर्ध्या मिनिटात संपतो. मग सासूबाईंचे गुडघे, सोयाबीनचा भाव, धाकट्याचे जमले का, मानवतच्या मावशीने काय केले, असे होत होत फोन लांबतो. डबा परत मागणे हे बोलायला मिळावे म्हणून केलेले निमित्त आहे, हे दोघींना माहीत असते. फोन ठेवताना डबा तसाच राहतो. पुढच्या फोनची ती सोय.

फीत बांधलेला पारदर्शक डबा ही सोय कायमची बंद करतो. तो स्वच्छ असतो, टापटीप असतो, आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जातो. त्याच्याबरोबर परत येण्याचे कारणही जाते. फराळ तर हल्ली बाराही महिने दुकानात मिळतो. दुसऱ्याच्या घरी पुन्हा जायचे कारण दुकानात मिळत नाही.

८. निष्कर्ष आणि विनंती

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. फराळ कोणी केला याला महत्त्व आहे. पण तो कशातून गेला, याला त्याहून अधिक. पाहुण्याची पायरी डब्यावरून कळते, म्हणून एकाच दिवशी आलेल्या दोन जावांना वेगवेगळ्या प्रतीचे डबे एकमेकींसमोर देऊ नयेत. आणि जे भांडे परत मागता येत नाही, ते पाहुण्याच्या हाती देण्यास अपात्र समजावे, मग त्याला कितीही सुंदर फीत बांधलेली असो.

वाचकांना विनंती एवढीच. या दिवाळीत फराळ द्याल तो नाव घातलेल्या डब्यात द्या आणि ‘डबा आठवणीने पाठवा’ असे दारात उभे राहून मोठ्याने सांगा. ज्यांच्या फडताळात दुसऱ्यांच्या आडनावांचे डबे आहेत, त्यांनी ते तुळशीच्या लग्नाच्या आत पोचते करावेत. रिकामे मात्र नेऊ नयेत. काहीच नसेल घरात, तर चिमूटभर साखर घालावी, तेवढी चालते.